पंख्यापुढं वाळवलेली गुणपत्रिका

ओल्या पुठ्ठ्याचा वास आला की मला लेकीची बारावीची गुणपत्रिका आठवते. दुसऱ्या दिवशी ती आकुर्डीच्या कॉलेजात दाखवायची होती आणि माझ्याच हातून त्या कागदावर पाण्याचा तांब्या लवंडला. मी तो ओला कागद टेबलफॅनपुढं दोरीवर टांगला. लेक म्हणाली, "अण्णा, ओला आहे तोवर फडक्यात घालून वजनाखाली ठेवा. कागदाचे तंतू पाण्यानं फुगतात, मोकळे वाळले की कसेही आखडतात, मग सुरकुत्या जात नाहीत." मी म्हणालो, "चाकणला खोक्यांच्या कंपनीत वीस वर्षं काढलीत मी. मला कागद शिकवतीस व्हय?" खरं तर कंपनीतही ओला पुठ्ठा दाबूनच वाळवायचे, मला ते ठाऊक होतं, पण चौथी शिकलेल्या बापाला लेकीपुढं माघार घेववली नाही. सकाळी कागद तळलेल्या पापडासारखा वाकडा झाला होता. ती तो तसाच घेऊन एकटी गेली. प्रवेश मिळाला. आता ती परगावी नोकरीला असते आणि घरात मी एकटाच. रविवारी फोनवर विचारते, "अण्णा, जेवलात का?" त्या दिवशी तुझंच बरोबर होतं, एवढंच मला सांगायचं असतं. मी "जेवलो" म्हणतो आणि फोन ठेवतो.