जेरेमाया शोको यांचे दोन शब्द

जेरेमाया शोको विश्वस्त झाला म्हणून ह्वांगेच्या जंगलातल्या एकाही हत्तीला फरक पडला नाही. त्याला स्वतःला मात्र खिशावर थेंबाचं चित्र असलेला हिरवा कोट मिळाला आणि वर्षातून दोनदा बुलावायो शहरातल्या हॉटेलात चहा प्यायचा मान मिळाला. एकतीस वर्षं त्यानं जंगलातल्या पाणवठ्यांवरची डिझेल इंजिनं चालवली होती. 'अमांझी', म्हणजे 'पाणी', या संस्थेचे बाकीचे चार विश्वस्त प्राण्यांच्या पाण्यावर पोटतिडकीनं बोलत, पण ते पाणी जमिनीतून वर कसं येतं असं विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघत. कुणा देणगीदारानं एकदा विचारलंच असावं, कारण त्यानंतर महिन्याभरात शोकोला समितीवर घेतलं.

अध्यक्ष होते लुथांडो माभेना. त्यांच्या जाकिटाला अकरा खिसे होते आणि त्यातल्या एकातही कधी पाना गेला नव्हता. खजिनदार मिसेस ब्रॅडन प्रत्येक बैठकीत तहानलेल्या जनावरांसाठी डोळे पुसायच्या आणि मग त्याच रुमालानं ओठावरचा केक. शोको मनातल्या मनात या मंडळींना 'कोरडे' म्हणायचा. तरी बैठकीच्या आदल्या दिवशी बायकोकडून कोटाला दोनदा इस्त्री करून घ्यायचा, हेही सांगायला हवं. मान कुणाला नको असतो?

ऑक्टोबरात न्यामासीच्या पाणवठ्यावर त्याचा मुक्काम असे. आसपास वीस मैलांत दुसरं पाणी नाही. पावसाला अजून महिना असतो आणि हत्तींचे कळप एकामागून एक येत राहतात. इंजिन जेवढं उपसेल तेवढं ते पिऊन टाकतात. ते दोन दिवस थांबलं तर तळ्यात उरतो तो फक्त चिखल, आणि त्या चिखलात लहान पिल्लं रुततात. शोकोला दुसरी काळजी नव्हती. पाऊस पडेपर्यंत ते म्हातारं इंजिन चालू राहायला हवं, बस्स.

नेमके त्याच दिवसांत माभेना मिसेस ब्रॅडनबरोबर सहा परदेशी पाहुण्यांना घेऊन आले. गाड्या थांबल्या, खुर्च्या मांडल्या गेल्या, बर्फाचा डबा उघडला. मग अध्यक्षांनी पंपघराकडे बघून नाक मुरडलं.

"शोको बाबा, तासभर बंद ठेवा ते धडधडणं. लोक रानाची शांतता ऐकायला आलेत."

"अध्यक्ष, इंजिन तापलंय आणि सांध्यातलं गॅस्केट कसंबसं धरून आहे. आत्ता बंद केलं तर परत चालू होईल याचा भरवसा नाही. शिवाय हत्ती या आवाजावरच येतात. धडधड ऐकली की त्यांना कळतं, नळाच्या तोंडाशी ताजं पाणी पडतंय."

"हत्तींना इंजिन एवढं आवडतं? मग लावून द्या लग्न."

ते त्यांनी पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं आणि पाहुणे मनापासून हसले. शोकोच्या अंगात तो हिरवा कोट होता. विश्वस्तानं चारचौघांत अध्यक्षांशी वाद घालायचा नसतो, असं त्याला त्या घडीला वाटलं. त्यानं उजव्या हातानं दांडी ओढली आणि इंजिन थांबलं.

शांतता झाली, अगदी हवी तशी. तासभरात एकही हत्ती फिरकला नाही. पाहुण्यांनी एक पक्षी पाहिला, त्याचं नाव काय यावर माभेना आणि मिसेस ब्रॅडन यांचं एकमत होईना. शेवटी कंटाळून अध्यक्ष म्हणाले, करा चालू. शोकोनं इंजिन फिरवलं. तिसऱ्या झटक्याला गॅस्केट फुटलं.

सूर्य कलल्यावर एक कळप आला. मोठ्या माद्या नळाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. एका पिल्लानं सोंड त्या कोरड्या नळात घातली आणि तशीच ठेवली. सहाही कॅमेरे वाजत राहिले. इतकं सुंदर दृश्य आयुष्यात पाहिलं नव्हतं म्हणे.

उद्या गॅस्केट पाठवतो, असं माभेनांनी गाडीच्या खिडकीतून सांगितलं. ते आलं चौथ्या दिवशी, कारण गाडी पाहुण्यांना घेऊन धबधबा बघायला गेली होती. त्याआधीच, दुसऱ्या दिवशी, ते पिल्लू चिखलात रुतलं. आई आणि दोन म्हाताऱ्या माद्यांनी दिवसभर ओढाओढ केली. शोको पंपघराच्या पत्र्यावर बसून पाहत होता, खाली उतरणं शक्यच नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते मेलं. आई दुपारपर्यंत तिथेच उभी होती. आयुष्यात त्याला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

मार्चात बुलावायोला वार्षिक सभा झाली. भिंतीवर पडदाभर मोठा फोटो होता, नळात सोंड घातलेलं ते पिल्लू. खाली शब्द होता, 'तहान'. मिसेस ब्रॅडननी डोळे पुसले. माभेना म्हणाले, या एका चित्रानं जगाला जागं केलं, आणि आता ते जिथं टिपलं गेलं तिथले आपले शोको बाबा दोन शब्द बोलतील.

शोको उठला आणि आपल्या भाषेत बोलला. "ही तहान निसर्गाची नाही. त्या दिवशी पाणी होतं. शांतता हवी म्हणून आम्ही ते बंद केलं आणि हे पिल्लू मेलं."

माभेनांनी माईक हातात घेतला. इंग्रजीत ते म्हणाले, "शोको बाबा तुम्हा सर्वांचे अंतःकरणापासून आभार मानतात."

टाळ्या पडल्या. शोकोचं इंग्रजी म्हणजे इंजिनाच्या भागांची नावं, आणि पाणी, उघडा, बंद करा, असे मोजके शब्द. पण मेलेल्या पिल्लासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही, एवढं त्याला कळत होतं. तो खाली बसला नाही. टाळ्या थांबेपर्यंत उभा राहिला, फोटोकडे बोट केलं आणि त्याच मोडक्या इंग्रजीत एकेक शब्द जुळवून म्हणाला, "पाणी बंद. पिल्लू मेलं."

पहिल्या रांगेतल्या एका पाहुणीनं कॅमेरा मांडीवर ठेवला. तिनं विचारलं, "बंद कोणी केलं?"

माभेना घाईघाईनं काहीतरी सांगू लागले. शोकोनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. कोटाची बाही कोपरापर्यंत मागे सारून त्यानं आपला उजवा हात वर धरला.

"यानं," तो म्हणाला.