प्लांटच्या मशीनला लावलेली लिमिट

मी पेणचा. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची भर पंगतीत टर उडवणारा. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय... पण जे झालं ते झालं.

नव्वदच्या दशकात रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीत मी कॉम्प्युटर रूम सांभाळायचो. मोठा कॉम्प्युटर एकच, पण सॉफ्टवेअरने त्याच्या पोटात तीन मशिनं केलेली — प्लांट, लॅब आणि स्टोअर. प्रत्येकाला वाटायचं आपलं मशीन वेगळं. खरं तर मेमरी, प्रोसेसर सगळं सामायिक, आणि कुणी किती घ्यायचं ते मी ठरवायचो! शनिवारी लॅबचा मोठा रिपोर्ट निघायचा, तेवढ्यापुरती मी प्लांटच्या मशीनला लिमिट लावायचो. ही लिमिट महाहट्टी. बाकी मशिनं रिकामी बसली तरी ती आपणहून उठत नाही, हाताने काढावी लागते.

प्लांटच्या स्क्रीनवर रिअ‍ॅक्टरचं, म्हणजे रसायनं शिजवायच्या बंद टाकीचं टेंपरेचर दिसायचं; लिमिट लागली की कधीकधी तो आकडा जागीच अडकायचा. तिथला ऑपरेटर कमळाकर म्हात्रे. खाडीकडचा, भडक डोक्याचा, उजव्या हाताची करंगळी तुटलेली. स्क्रीन अडकली की थेट माझ्या दारावर तीन दणके.

"आकडा हालत नाय! लिमिट काढतोस का दिऊ एक कानाखाली?"

एकदा तर कॉलर धरून त्याने मला भिंतीवर आपटलं होतं. तो राग माझ्या मनातून गेला नाही.

पुढे एका शनिवारी दोन नंबरचा रिअ‍ॅक्टर फुटला. कमळाकर जागीच गेला. चौकशीत दोष व्हॉल्व्हवर आला.

वर्षभरानंतरचा शनिवार. दुपारी जेवून मी खुर्चीत पेंगत होतो. एसीसाठी दार आतून बंद. दारावर दणका बसला. दुसरा. तिसऱ्याला दाराची काच फुटून अंगावर आली... बाहेर कुणीच नाही! उठतोय तोच कानाखाली अशी बसली की खुर्चीसकट आडवा झालो. तोंडात रक्त आलं. मग केसांना धरून कुणीतरी मला उचललं आणि डोकं टेबलावर आपटलं — बरोबर स्क्रीनपुढे.

लॅब रिकामं. स्टोअर रिकामं. प्लांट लिमिटला अडकलेलं. रिपोर्ट कधीच संपला होता आणि मी लिमिट काढायला विसरलो होतो.

ती काढली आणि इंटरकॉमवर ओरडलो, "नझीरभाई, टेंपरेचर बघा!"

नझीरभाई रोह्याशेजारच्या अष्टमी गावचे, कमळाकरच्या जागी आलेले. कॉम्प्युटर आल्यापासून रिअ‍ॅक्टरवर चढून काट्याचं मीटर बघायची सवय सगळ्यांचीच सुटली होती.

"अरे, एकशेदहा तर हाय..." मग आवाजच बदलला. "या अल्ला, एकशेऐंशी! पळा रे, पळा!"

रिअ‍ॅक्टरचं झाकण शेडचे पत्रे फाडून गेलं. नझीरभाईंची पाठ भाजून निघाली, पण माणूस एकही गेला नाही.

हॉस्पिटलात ते पालथे पडल्या पडल्या म्हणाले, "तुझ्यामुळं वाचलो रे." मग माझ्या गालाकडे बघत राहिले. "तुला कुणी मारलान?"

डाव्या गालावर वळ होते. अंगठा आणि तीन बोटं.

काच स्फोटाने फुटली, असं कंपनीने लिहून टाकलं. स्फोट तर नंतर झाला! मला मारायलाच आला असेल, तर त्याने मला स्क्रीनपुढे का आपटलं?

एक मात्र आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. कमळाकर गेला त्या शनिवारीही लिमिट मीच लावलेली होती. तेव्हाही तो येऊन दार बडवत होता. मी आत जागा होतो. पण राग होता म्हणून उठलो नाही.