काडी कोणी धरायची

"तुला अडचण तर न्हाई ना?"

मालकानं विचारलं. सगळ्यांच्या पुढं. खंडेनवमीचा दिवस. शटर उघडं, आत पाट मांडलेला, पाटावर हातोडे, छिन्न्या, ग्राइंडर, ड्रिल, अन मधोमध झेंडूचा हार घातलेलं वेल्डिंगचं मशीन. मालकाचा मेहुणा, शेजारचा टायरवाला, दोन कारागीर, चार-पाच गिऱ्हाईकं. सगळे बापे. बाई मी एकटी. हातात पाण्याची बादली.

मला आधी कळलंच न्हाई. मी म्हणले, "काय?"

"अडचण म्हणतो मी. बाहेरचं. आज पूजा हाय, विचारून घेतलेलं बरं. तुमच्या तांड्यावर पाळत न्हाईत, म्हणून विचारून राहिलो."

कोणीतरी फिसकन हसलं. टायरवाल्यानं मान खाली घातली, पण तोही हसत होता, मला त्याचे खांदे हलताना दिसले.

आता सांगा. सकाळी सहापासून ते सगळं सामान मीच धुतलं होतं. डिझेलच्या फडक्यानं पुसलं, मग सोड्याच्या पाण्यानं. मशीनवरची वर्षाची धूळ माझ्या हातानं काढली. होल्डर, म्हंजे ज्याच्यात वेल्डिंगची काडी धरतात तो चिमटा, त्याची पितळी चोच चिंच लावून मी घासली. तवा कोणी विचारलं न्हाई. धुऊन झाल्यावर विचारलं.

अन खरं सांगायचं तर मला अडचण होती. दुसरा दिवस होता.

मी "न्हाई" म्हणले.

"बरं. तरी तू बाहेरच थांब," मालक म्हणला.

मी रस्त्यावर उभी राहिले. आत आरती झाली, नारळ फुटला. मग कारागिरानं दारातून खोबऱ्याचा तुकडा माझ्या ओंजळीत वरून टाकला. मी तो खाल्लाही. मालकाच्या बोलण्याचा राग आला, पण त्याच्याहून जास्त राग मला माझ्या त्या न्हाईचा आला. माझ्या अंगात काय चालू हाय ते ह्या माणसाला काहून सांगायचं? अन न्हाई सांगायचं तर तसं तोंडावर म्हणायचं होतं. भिऊन खोटं काहून बोलले मी? घरी जाईपर्यंत तेच डोक्यात. दुकान डोंगरकडा गावात, तांडा तिथून चालत तासाभराच्या वाटेवर. तासभर स्वतःला शिव्या घालत गेले.

तीन वर्षं मी त्या दुकानात होते. काम काय? गेटला, ग्रिलला लाल रंग मारायचा. वेल्डिंगवर काळी पापडी धरते ती हातोडीनं झाडायची. अँगल धरून उभं राहायचं, कारागीर टाका मारेपर्यंत. झाडायचं, पाणी भरायचं, चहा आणायचा. नाव माहीत असून मालक "ए लमाणीन" म्हणायचा. काळी काच कारागिरांना होती, मला न्हाई. मी तोंड फिरवून अँगल धरायची. तरी डोळ्यात जायचंच. घरी येऊन पडलं की डोळ्यात वाळू ओतल्यासारखं व्हायचं, सकाळपर्यंत पाणी गळायचं.

एकदा, दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तवा, मी म्हणले होते, "मालक, भंगारावर एक काडी लावून पाहू द्या ना मला."

"तुझ्या हाताला झाडू बसतो. होल्डर न्हाई बसायचा. बाईच्या हातात काडी धरत नसती."

ते मी ऐकून घेतलं होतं. कसं कोण जाणे, पटलंही होतं.

दसरा झाला अन तांड्यावरची माणसं ऊसतोडीला निघाली. नवरा भावासोबत गेला. मी गेले न्हाई. दुकानातही गेले न्हाई. सासू दोन दिवस पाहत राहिली, तिसऱ्या दिवशी म्हणली, "हात दुखते का पाय?"

मी सांगितलं सगळं. अडचणीचंसुद्धा. सासूनं तंबाखू थुंकली. म्हणली, "मशीन किती मोठं असतंय?"

"काखेत मारून नेता येतंय असंबी मिळतंय आता."

"मग घे."

तिनं दोन बकऱ्या विकल्या अन आमी दोघी हिंगोलीला गेलो. मी साडीत, ती तिच्या फेटिया-कांचळीत, म्हंजे आमच्या लमाणी घागरा-चोळीत, हातभर बांगड्या. दुकानदारानं आमच्या मागं पाहिलं, कोणी माणूस येऊन राहिला का म्हणून. मग म्हणला, "मशीन किसको दिखाना है? आदमी किधर है?"

सासूला हिंदी बराबर येते, ऊसतोडीनं शिकवली. म्हणली, "इसकोच दिखाव. बकरी मेरी, हाथ इसके."

तीन मशीनं दाखवली. एक जुनं, तांब्याच्या तारेचं, दणकट, पण उचलायला दोन माणसं लागणार अन घरच्या लाइनवर चालणार न्हाई. दुसरं तसंच, स्वस्त, पण आत ॲल्युमिनियमची तार. ते दुपारपर्यंत तापून बसतंय, मालकाच्या दुकानात मी तसलं जळताना पाहिलेलं होतं. मी म्हणले हे नको. दुकानदारानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. तिसरं इन्व्हर्टरचं, पिशवीसारखं पट्ट्यानं खांद्याला लटकवायचं. घरच्या लाइनवर चालणारं. मी आकड्यावर गेले न्हाई. डब्यावर दोनशे अँपिअर लिहिलेलं असतंय, पण दिवसभर सलग किती ओढतंय ते विचारलं. त्यानं खरं सांगितलं, अर्ध्याहून थोडं जास्त. मला तेवढं पुरत होतं. मी म्हणले चालवून दाखवा. त्यानं दोन पट्ट्या जोडून दाखवल्या. झकास जोडल्या. काळ्या काचेचं हेल्मेट मी सगळ्यात आधी घेतलं, मग हातमोजे, मग मशीन. काड्या दहा नंबरच्या मागितल्या, कारण मालकाकडं दहा नंबरच असायच्या.

सगळं विचारलं, एकच विचारलं न्हाई. कमी होल्टेजवर हे चालतंय का, ते. डोक्यातच आलं न्हाई. हिंगोलीच्या बाजारात दिवा पांढराफेक जळत होता. डोंगरकड्यात दुकानाच्या पाठीमागंच डीपी, म्हंजे विजेचा ट्रान्सफॉर्मर. अन आमचा तांडा लाइनीच्या शेपटाला. गावाची घरं पिऊन, वाटेतल्या सगळ्या मोटारी पिऊन जे उरतंय ते आमच्याकडं येतंय.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात मशीन लावलं. मागं उरलेला तांडा गोळा झाला. काडी लोखंडाला लावली अन ती चिकटली. ओढून काढली, पुन्हा लावली, पुन्हा चिकटली. ठिणगी म्हणून न्हाई. पोरं हसायला लागली. एक म्हातारा म्हणला, "लोखंडाला लोखंड न्हाई चिकटलं, काडी तेवढी चिकटली."

महिना असाच गेला. रोज. सकाळी लावायची, चिकटायची. दुपारी लावायची, चिकटायची. काड्या चुलीवरच्या तव्यावर शेकल्या, ओल धरली असंल म्हणून. त्यानं थोडा फरक पडला. एखाद्यावेळी पेटायची, फुटाण्यासारखी तडतड करायची अन विझायची. जे पडायचं ते कोंबडीनं घाण केल्यासारखं. ग्राइंडर लावलं की टाका गळून खाली. मला झोप येईना. भाकरी थापताना हात असाच धरायचा का तसा, तेच. मालक म्हणला होता तेच खरं का काय? बाईच्या हातात काडी धरत नसती. मी दिवसातून दहा वेळा ते वाक्य ऐकायची, माझ्याच कानात, त्याच्याच आवाजात. सासू बकऱ्यांचं नाव काढायची न्हाई. तिनं काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग एका दिवशी भरदुपारी काडी पेटली अन पेटलीच राहिली. कढईत तळण सोडल्यासारखा एकसुरी आवाज. वीतभर ओळ मारली मी. सरळ न्हाई, पण सलग. हेल्मेट वर केलं, हातोडीनं पापडी झाडली, अन खाली चकाकती शिवण. मी तिथंच बसले. हात तोच होता. काडी तीच होती. मग आज काय झालं?

दारातल्या दिव्याकडं पाहिलं. पांढरा जळत होता. रोज तो पिवळा असतो, पिकल्या लिंबोळीसारखा. मी धावत सुटले वाटेवरच्या शेतात. गडी आंब्याखाली झोपलेला. मोटार बंद. म्हणला, "आज दिवसा मोटारीची थ्री-फेज लाइन न्हाई. पाळी बदलली, आता राती येणार."

तर असं होतं. गव्हाला, हळदीला पाणी चालू, सगळ्या मोटारी एकदम, अन माझं मशीन उपाशी. महिनाभर मी माझ्या हाताला दोष देऊन राहिले, अन तकलीफ तारेत होती. मला हसू न्हाई आलं. संताप आला. महिना गेला माझा त्या माणसाच्या एका वाक्यात.

तवापासून मी मशीनच्या शेजारी खुंटीला एक साधा जुन्या तऱ्हेचा, आत तार असलेला दिवा लटकवते. पांढरा जळला तर काम. मंदावला तर हात वर, तोवर कापायचं, घासायचं, मापं घ्यायची. लांब बारीक वायर काढून जाड वायर ओढली. दहा नंबर सोडून पातळ पायपाला बारा नंबरची, म्हंजे आणखी बारीक, काडी आणली. मग बाजेचे पाय जोडले. बकऱ्यांच्या वाड्याचं फाटक केलं. टाकीचा स्टँड केला, त्यावर सगळ्यात जाड बाई चढवून पाहिली, हलला न्हाई. काडीवर हसलेला म्हातारा आला अन कुऱ्हाडीचा दांडा घालायची कडी जोडून घेऊन गेला.

हळद शिजवायचे दिवस आले. आबा म्हणून एक मोठे शेतकरी हायेत, तांड्यावरच्या बाया त्यांच्याकडंच हळद काढायला, भरायला जातात. माझी सासूही. एका सकाळी आबांचा माणूस फटफटीवर आला. हळद शिजवायच्या कुकरचा ड्रम शिवणीतून फुटला, वाफ जाऊन राहिली, ओल्या हळदीचा ढीग पडलाय, लवकर चल. डोंगरकड्याच्या मालकाचं मशीन मोठं, दुकानात बोल्टनं बसवलेलं, ते येऊ शकत न्हाई. मी मशीन खांद्याला लावलं अन मागं बसले.

पोचले तर मालक तिथंच. आबांच्या शेजारी खुर्चीवर.

मी त्याच्याकडं पाहिलं न्हाई. ड्रममधली हळद काढायला लावली. पाणी सोडलं, झाकण उघडं ठेवलं, गार होऊ दिलं, शिवण घासून चकाकती केली. शेतातल्या घराच्या मीटरवरून वायर आणली. दिवा लटकवला. पांढरा होता. हेल्मेट घातलं, होल्डरमध्ये काडी बसवली.

मालक उठून आला. हात पुढं केला. "आण."

"काय?"

"होल्डर. मी मारतो शिवण. तू करंट पाहा."

मी आबांकडं पाहिलं. आबा म्हणले, "त्याला करू दे बाई. वाफेचं काम हाय. तुझ्या हातचं उद्या फुटलं तर? मशीनचं भाडं तुला देऊ."

"आबा, मशीनला बोलावलं का मला?"

"ताणू नको. पाच मिनिटांचं काम हाय," मालक म्हणला. हसत होता. हात तसाच पुढं.

ढिगाजवळ आमच्या बाया बसलेल्या. कुकर बंद म्हंजे त्यांची रोजी बंद. त्यातली एक उठून म्हणली, "दे ना गं. तुझं काय जातंय? आमचा दिवस जातोय." माझी सासू ओढणीनं तोंड पुसत होती.

खोटं सांगणार न्हाई. माझा हात थोडा पुढं गेला होता. होल्डर द्यायला. चार पावलांवर माझ्याच बाया, त्यांच्याकडं पाहून हात गेला. अन मग मालकाच्या चेहऱ्यावर दिसलं की त्याला माहीत हाय हात येणार म्हणून. त्याला शंकाच नव्हती.

मी म्हणले, "काडी मी धरणार. न्हाईतर माझं मशीन चालणार न्हाई."

"माज आला का?"

"व्हय."

मी आबांना बोलायला जागा दिली. ते ड्रमकडं पाहत राहिले. मग मी प्लग काढला. दिवा काढला. वायर गुंडाळली, सावकाश, आठाच्या आकड्यात, जशी गुंडाळायची तशी. खांद्याला मशीन लावून चालत निघाले. फटफटी कोणी दिली न्हाई.

कुरुंदा गावाकडून जनरेटर घेऊन एक वेल्डर आला, दुसऱ्या दिवशी. एक दिवस कुकर बंद राहिला. बायांची एक दिवसाची रोजी गेली. ती माझ्यामुळं गेली, हे मी नाकारत न्हाई. आठवडाभर तांड्यावर माझ्याशी कोणी बोललं न्हाई. जी मला दे म्हणली होती, तिनं आपल्या दाराची कडी तुटली तर डोंगरकड्याला नेली, माझ्या अंगणावरून. सासू तेवढी म्हणली, "दिली असती तर रोज मागितली असती." तेवढंच. त्यानं माझं समाधान झालं असं न्हाई. मी अजून राती उठून बसते अन विचार करते की बायांना आधी सांगायला पायजे होतं, समजावून, की मी हे काहून करून राहिले. ती चूक माझी. ती मी सुधारीन.

पण होल्डर द्यायला पायजे होता, असं एकदाही वाटलं न्हाई.

माझं मशीन भाड्यानं मिळत न्हाई. मी मिळते. मशीन अन मी एकत्र येतो, एकत्र जातो. पुढच्या हंगामात कोणाचाही ड्रम फुटो, बोलावणं येवो, मी जाईन, सामान उतरवायच्या आधी सगळ्यांच्या पुढं विचारीन, काडी कोण धरणार? अन माझ्या नावाशिवाय दुसरं कोणाचं नाव आलं तर मशीन खांद्यावरून खाली उतरणार न्हाई. समोर माझी सासू बसलेली असली तरी.