तळ्याकाठचा माणूस

आमच्या घरात सांजच्या प्रार्थनेनंतर एक प्रश्न ठरलेला असायचा. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "बोला, आज तुमच्या मनात कोण येऊन गेलं?" दुसऱ्यांच्या घरी पाहुणे ओसरीवर बसतात, आमच्याकडे बायबलातले योना, मोशे, मार्था थेट डोक्यात मुक्कामाला. ह्यांचं म्हणणं असं, की शास्त्रातली माणसं दूरदेशी होऊन गेली असतील, पण खरी राहतात ती आपल्या आत. मोशेच्या लोकांना गुलाम करणारा मिसर देश म्हणजे आपलं भ्यालेलं मन. मोशे म्हणजे त्यातून वाट काढणारी कल्पना. प्रभूचा शिष्य पेत्र पाण्यावर चालला तो भरवशानं, बुडायला लागला तो शंकेनं, आणि दोन्ही वेळा तो आपणच.

"पाण्यावर चालायला आधी पाणी तर दिसू दे मेलं," मी म्हणायचे.

बाहत्तरचं साल होतं. मिरजगावकडच्या आमच्या गावात विहिरींचे तळ उघडे पडलेले. टँकर यायचा, विहिरीत पाणी ओतून जायचा, आणि आम्ही बाया पोहरे घेऊन तुटून पडायचो. हे शाळेत शिकवायचे आणि रविवारी आमच्या मूठभर ख्रिस्ती घरांची उपासना घ्यायचे, कारण पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, उगवायचे महिन्यातून एकदा.

हे वेड ह्यांना मुळातलं नव्हतं. आमची मुलगी लहान असताना तापली आणि तिचा डावा पाय लुळा पडला. पोलिओ. किती उपास केले, किती प्रार्थना केल्या! शेवटी नगरच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाजूला घेऊन सांगितलं, या पायात आता ताकद येणार नाही, लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून चालवा. पोरीला ते आम्ही कधीच सांगितलं नाही. त्यानंतर ह्यांनी प्रभूकडे पाय मागायचं सोडलं आणि सगळं शास्त्रच आत वळवून घेतलं. मला कळत होतं ते. माणूस रडायच्या ऐवजी अर्थ काढत बसला होता. मीही काढू दिला, कारण ह्यांचं बोलणं ऐकलं की मलाही जरा झोप लागायची.

पोर नऊ वर्षांची झाली. हुशार, आणि बापाच्या तोंडाकडे टक लावून बसणारी.

एका सांजेला ह्यांनी तळ्याकाठच्या माणसाची गोष्ट घेतली. कित्येक वर्षं लुळा पडलेला, पाणी हललं की त्यात पहिला उतरणारा बरा होतो, म्हणून कुणीतरी आपल्याला आत सोडील याची वाट बघणारा. प्रभू त्याला विचारतो, बरं व्हायचंय का तुला? हे म्हणाले, "तो माणूस म्हणजे 'मला जमणार नाही' म्हणणारं आपलं मन. ज्या क्षणी त्यानं मनात स्वतःला उभं पाहिलं, त्या क्षणी तो उभा राहिला." सुंदर बोलले. मी चुलीत फुंकर घालत ऐकत होते, आणि पोर ते कसं ऐकतेय हे माझ्या काही म्हणजे काही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी टँकर आला. मी पोहरा विहिरीत सोडलेला, तोच शेजारीण ओरडत आली, "अवो मास्तरीनबाई, तुमची पोरगी तिकडं वाटंवर पडलीया, पायात बूट बी न्हाई!"

दोर सोडून धावले. पोर धोंड्यांत पालथी पडलेली, गुडघे सोललेले, ओठातून रक्त. घरापासून तिथवर आधी भिंती धरून, मग सरपटत आली होती. रडत नव्हती. मला बघून म्हणाली, "आई, मी डोळे मिटून कितीतरी वेळ स्वतःला चालताना बघितलं गं. नीट नाही बघितलं वाटतं. माझ्या मनातच खोट आहे का?"

देवा रे! पायाचं दुःख मी गिळलं होतं. हे गिळता येईना. लुळा पाय तर आहेच, वर त्याचा दोषही पोरीच्याच माथी? तळपायाची आग मस्तकात गेली. तिला पाठुंगळीला घेऊन तडक शाळेत गेले आणि ह्यांना वर्गाबाहेर बोलावून म्हणाले, "घ्या! विचारा आता हिला, मनात कोण येऊन गेलं ते!"

ह्यांनी तिचे गुडघे पाहिले. तिनंच विचारलं, "बाबा, मन कसं दुरुस्त करायचं?" हे व्हरांड्यात तिच्यासमोर खाली बसले.

मग मीच बोलले. तिला पाठीवरून उतरवून मांडीवर घेतलं, तिचा ओठ पदरानं पुसला आणि म्हटलं, "बाळा, तुझं मन धडधाकट आहे. पाय तापानं गेला. तुझ्या मनाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. तू काहीही बघितलंस, कितीही बघितलंस, तरी नाही."

तिचा चेहरा सैल झाला. खरंच झाला, मी पाहिलं. केवढा मोठा श्वास सोडला पोरीनं. पण माझ्यावरची नजर काही काढेना.

"मग आई, हा पाय कधीच चालणार नाही?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते डोळ्यांनी विनवत होते, नको, नको म्हणून. नगरहून आल्यापासून आमच्या घरात ही गोष्ट कुणी उच्चारली नव्हती.

"नाही," मी म्हणाले.

तेव्हा ती रडली. धोंड्यांत पडली तेव्हा न रडलेली पोर माझ्या मांडीत तोंड खुपसून हंबरडा फोडून रडली. हे सरकत जवळ आले, तिच्या पाठीवर ठेवायला हात पुढे केला, आणि मी तो झटकून टाकला.