पहिली दुरुस्ती माहेरची

फोटो काढायच्या आधी बसण्णा गिऱ्हाइकाशी बोलत नसत, कॅमेऱ्याशी बोलत. "गंगव्वा, नीट बघ हं. पावनं लई लांबनं आल्यात," असं म्हणून त्याला थोपटायचे आणि मग डोळा लावायचे. काठी गिळल्यासारखं ताठ बसलेलं गिऱ्हाईक हे ऐकून फिस्सकन हसायचं, आणि तेवढ्यात फोटो निघालेला असायचा. "मानूस हसला की मगच त्येचा खरा चेहरा भायेर येतोय," ते म्हणायचे, "त्येच्या आदी नुसता रेशनकार्डावरचा."

सोलापूरच्या एका पेठेत खाली त्यांचा स्टुडिओ, मागे त्यांचं घर आणि वरच्या खोलीत आम्ही भाडेकरू. माझं नुकतंच लग्न झालेलं. नवरा गिरणीच्या ऑफिसात कारकून. लग्न आम्ही आमच्या मर्जीनं केलेलं, त्यामुळे साताऱ्याला माझ्या वडिलांनी "आजपासून ही आमची नाही" म्हणून दार लावून घेतलं होतं. बसण्णांच्या घरात नवरा-बायको भांडायचे मराठीत आणि समेट करायचे कानडीत, म्हणून मला त्यांची भांडणं तेवढी कळत. मी जिन्यावर बसून ऐकायची आणि साताऱ्याची आठवण आली की मुकाट्यानं खोलीत जायची.

अशीच जिन्यावर बसले असताना, दिवाळीच्या पाडव्याला, गंगव्वाचा गृहप्रवेश मी पाहिला. बसण्णांनी रेवणशेठच्या दुकानातून नवा कोरा कॅमेरा घेतला आणि टांग्यातून वाजतगाजत घरी आणला. त्यांना तिन्ही मुलगेच, तेही शाळकरी. म्हणाले, "पोरं मोठी हुईस्तवर कोन थांबतंय? पैली सून हीच." त्यांची बायको काशव्वा कपाळाला हात लावत, पण ओवाळायला ताट घेऊनच उभी होती. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं. आता कॅमेरा माप ओलांडणार कसा? बसण्णांनी त्याला तीन पायांच्या स्टँडवर चढवलं आणि स्टँडच्या एका पायानं मापाला अशी लाथ मारली की तांदूळ थेट रस्त्यावर. "सून लई तडफेची हाय!" बसण्णा ओरडले. लग्नानंतर मी पोट धरून हसले ती त्या दिवशी पहिल्यांदा.

धंद्याचा त्यांचा एक नियम होता. फोटो बिघडला तर परत काढून द्यायचा, कधीही आणि फुकट. एकदा मोहोळचे एक गृहस्थ बऱ्याच वर्षांपूर्वीचा फोटो घेऊन आले. तक्रार काय, तर फोटोत डोक्यावर केस आहेत, आता टक्कल पडलंय, त्यामुळे लोक फोटो ओळखत नाहीत! मी असते तर हाकलून दिलं असतं. बसण्णांनी त्यांना बसवलं, टकलावरून मऊ फडकं फिरवलं आणि नवा फोटो काढून दिला. काशव्वा तणतणली तर म्हणाले, "फोटोत आन् मानसात फरक पडला म्हंजे माल बिगडलाच की!"

आणि याच बसण्णांच्या सुनेनं, गंगव्वानं, वर्षानंतर, गॅरंटी संपून जेमतेम पंधरा दिवस होतात न होतात तोच, अंथरूण धरलं. तुळशीची लग्नं लागून गेली, माणसांची सुरू झाली, आणि पहिल्याच लग्नाच्या फोटोत नवरी लख्ख, तर नवरदेवाच्या जागी नुसता अंधार. कॅमेऱ्याच्या आतला पडदा अर्ध्यात अडकत होता. नवरीचा बाप फोटो नाचवत आला, "आमी तर जावई बगून केला हुता, गेला कुटं?" बसण्णांनी त्या जोडप्याला पुन्हा मुंडावळ्या बांधायला लावून, जागा बदलून दुसरा फोटो काढला. त्यात नवरदेव दिसला, पण नवरी गेली.

बसण्णा रेवणशेठकडे गेले. रेवणशेठ माणूस गोड, पण व्यापारी. त्यांनी बिल उलटं करून मागचा छापील मजकूर दाखवला. "वर्षाची गॅरंटी, बसण्णा. पाडव्याला संपली की. आता कंपनी इचारत न्हाय, मी तरी काय करू?"

बसण्णा तसेच घरी आले. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा तोंडावर आली होती. तिथं त्यांचा तंबू पडायचा, मागे सोलापुरी चादरीचा पडदा आणि पुढे प्लायवूडचं विमान. मोडनिंबपासून अक्कलकोटपर्यंतची माणसं चपला काढून त्या विमानात बसायची आणि फोटो काढून घ्यायची. त्या जत्रेवर घरातली चूल वर्षभर पेटायची. दुसरा कॅमेरा घ्यायची ऐपत नव्हती. जुना केव्हाच मोडीत गेला होता. दोन दिवस ते गंगव्वाशी बोलले नाहीत. काशव्वाही भांडेना, आणि ती शांतता माझ्यानं ऐकवेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी खालून बसण्णांच्या खो-खो हसण्याचा आवाज आला. "काशे, शालू काढ! वैनी, खाली या! ओटीचं ताट तुमच्याकडं!"

काय चाललंय ते कळायच्या आत मी टांग्यात बसले होते. काशव्वाच्या मांडीवर, तिच्याच शालूत गुंडाळलेली गंगव्वा. माझ्या हातात खण, नारळ, तांदूळ. पुढे बसण्णा फेटा बांधून. पेठेतल्या बायका "काय झालं, काय झालं" करत मागे निघाल्या, आणि एक हलगीवाला कुणी न बोलावता सामील झाला. मला चौथा महिना होता आणि टांग्याच्या प्रत्येक धक्क्याला काशव्वा टांगेवाल्याला कानडीत शिव्या घालत होती. कानडी येत नसूनही त्या मला बरोब्बर कळत होत्या.

बसण्णांनी टांग्यातून स्टँड काढून गंगव्वाला दुकानाच्या दारात उभं केलं, तसे रेवणशेठ गल्ल्यावरून उठून पुढे आले. "हे काय, बसण्णा?"

"सुनेला बरं न्हाय. माहेरी आनलीय."

"आवो, पण गॅरंटी..."

"लेकीची गॅरंटी आसती व्हय शेठ? लगीन होऊन वरीस झालं म्हनून माहेर संपतंय?" बसण्णांनी आवाज चढवला, कारण आता रस्ता भरला होता. "पैलं बाळंतपन माहेरात, ही रीत हाय. तवा पैली दुरुस्ती बी माहेरचीच. दुसरी माजी. तिसरी बी माजी. पन पैली तुमची."

"कुठल्या कायद्यात लिवलंय हे?"

"कायदा मला ठावं न्हाय. तुमच्या कारभारनीच्या पैल्या बाळंतपनाला तुमच्या सासऱ्यानं बिल उलटं करून दावलं हुतं का, तेवडं सांगा!"

रस्ता असा हसला की हलगी बंद पडली. रेवणशेठ लालबुंद. तेवढ्यात दुकानाच्या माडीवरून त्यांच्या आई, सगळे त्यांना अव्वा म्हणत, काठी टेकत खाली आल्या. त्यांनी शालू पाहिला, ओटी पाहिली, आणि मुलाकडे वळून म्हणाल्या, "रेवण्या, लेक दारात हुबी हाय आन् तू बिलं वाचतोस?" आतून भाकरीचा तुकडा नि पाण्याचा तांब्या आणवला, तुकडा कॅमेऱ्यावरून ओवाळून टाकला, स्टँडच्या तिन्ही पायांवर पाणी घातलं आणि म्हणाल्या, "बा मगळे, बा." ये लेकी, ये. रेवणशेठनं कपाळावर हात मारला आणि हसत हसत शालूसकट कॅमेरा उचलून घेतला.

मग अव्वा माझ्याकडे वळल्या. माझं पोट त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. "आन् तुजं पैलं बाळंतपन कुटं गं? माहेर कुटलं?"

साताऱ्याचं नाव जिभेवर आलं आणि तिथंच अडकलं. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. बसण्णा फेटा सारखा करत, भाव सांगावा तितक्या सहज म्हणाले, "तिचं ठरलंय की अव्वा. हितंच. आमच्या खालच्या मजल्यावर."

ते ठरल्याचं मलाही त्या क्षणीच कळलं. काशव्वाला विचारलेलंही नसावं, पण तिनं "व्हय तर!" म्हणून माझा हात असा काही दाबला की माझ्या बांगड्या पिचल्या.

मुंबईला जाऊन गंगव्वा ठणठणीत होऊन आली. रेवणशेठ स्वतः घेऊन आले, बरोबर अव्वांचे डिंकाचे लाडू आणि बाळंतविडा म्हणून भिंगावर घालायला इरकली खणाचं इवलंसं टोपडं. त्या वर्षी गड्ड्यात विमान रिकामं म्हणून राहिलं नाही. रेवणशेठचे मात्र हाल झाले. पुढे वर्षभर पेठेतले लोक ट्रान्झिस्टर, बॅटऱ्या, एकदा तर वातींचा स्टोव्ह खणात गुंडाळून "माहेरी आलीय" म्हणत यायचे. शेठ वैतागायचे, पण पहिली दुरुस्ती करून द्यायचे. आणि गिऱ्हाईक वाढलं, हेही खरं.

माझी मुलगी बसण्णांच्या खालच्या मजल्यावर झाली. वडील आले नाहीत. टोपड्यातून उरलेल्या खणाची कुंची घालून तिचा पहिला फोटो गंगव्वानंच काढला. त्या दिवशी बसण्णा मला 'वैनी' म्हणायचे विसरले, ते कायमचे. "पोरी, हास की! न्हाईतर परत काडावा लागंल," म्हणाले, आणि मी हसता हसता रडले. त्या फोटोत मी फार विचित्र दिसते. परत काढून द्या म्हणून मी कधी म्हटलं नाही.

पुढं नवऱ्याला पुण्याला नोकरी लागली आणि आम्ही सोलापूर सोडलं. बसण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी मिळेल त्या गाडीनं निघाले. काशव्वा त्यांच्या आधीच गेली होती. वाटेत एकच विचार मनात होता, की आता त्या घरात मला ओळखणारं मोठं कोण उरलं? मुदत संपली.

स्टुडिओ बंद होता, मी मागच्या दारानं गेले. थोरल्या मुलाची बायको दारात आली. मी तिला एकदाच, तिच्या लग्नात पाहिलेलं. मी चप्पल काढून पाऊल टाकणार, तर तिनं हात आडवा केला. "थांबा ताई," म्हणाली आणि आत गेली. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले, परक्यासारखी. ती परत आली तेव्हा तिचे डोळे रडून सुजलेले दिसले. एका हातात भाकरीचा तुकडा होता, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या.

"मामंजी सांगून गेल्यात," ती म्हणाली. "आमच्या लेकीला दारातनं तसंच आत घ्यायचं न्हाय."