साडेचारचा क्लास

चष्म्याच्या दुकानात तिला सगळे ‘आलेच’ म्हणत. कुठूनही हाक मारा, उत्तर ठरलेलं, “आलेच!” आणि पुढचा पाऊण तास बाईचा पत्ता नाही. तोंडावर कुणी तसं म्हणालं तर तीही हसायची. हसून हसून आता त्यात काही उरलं नव्हतं.

तिचं काम मागच्या खोलीत. काच फ्रेमच्या मापाला घासायची, कडा गुळगुळीत करायच्या आणि बसवायची. त्यात मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मशीनवर बसली की जेवण, तहान, फोन, सगळं गेलं चुलीत. पण तिथून उठली की डोक्यात नुसता गोंधळ. एकदा तिने दोन गिऱ्हाइकांच्या काचांची अदलाबदल केली, तीही इतकी सुबक, की बिचाऱ्या आजोबांना दुकानाची पायरी चुकेपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून मालकांनी नियम केला, तिच्या टेबलावर एका वेळी एकाच गिऱ्हाइकाचा ट्रे. पहिला परत आल्याशिवाय दुसरा नाही. मालक भला माणूस, पण तो एकेक ट्रे आणून ठेवायचा तेव्हा तिला बालवाडीत बसल्यासारखं वाटायचं. 

सदतिसाव्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, याला एडीएचडी म्हणतात, लक्ष जागेवर न राहण्याचा विकार, आणि हे लहानपणापासूनच असणार. म्हणजे शाळेतली धांदरट, माहेरची वेंधळी आणि सासरची बेजबाबदार, सगळ्यांचं मूळ एकच. ऐकून हायसं वाटेल अशी तिची समजूत होती. कसलं काय! गोळ्या सुरू झाल्या. थोडा फरक पडला, पण गोळी घ्यायची आठवण राहायला आणखी एक गोळी हवी होती.

घरातही एकेक काम तिच्या हातून काढून घेतलं गेलं. किल्ल्या नवऱ्याकडे गेल्या, गॅस बंद करायचा तोही त्यानेच, भांडण न करता. तिच्याकडे एकच उरलं. नऊ वर्षांच्या लेकीला पोहण्याच्या क्लासहून आणायचं, मंगळवारी आणि शुक्रवारी, साडेचारला. वेळापत्रकाचा कागद तिने पहिल्याच दिवशी हरवला होता, वेळ लेकीनेच सांगितलेली. रविवारी नवरा शांतपणे म्हणाला, “मागच्या महिन्यात दोनदा पोरगी सहा वाजेपर्यंत वॉचमनपाशी बसून होती. आता पुन्हा असं झालं तर ताई आणत जाईल तिला. कायमचं.” ताई म्हणजे नणंद. घड्याळाने तिला विचारून वेळ लावावी अशी बाई.

“बरं,” ती म्हणाली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

शुक्रवारी तिने मनगटावर पेनाने ‘४.३०’ लिहिलं. फोनवर तीन गजर लावले. मालकांना बजावलं, “पावणेचारनंतर मला ट्रे देऊ नका. मी मागितला तरी देऊ नका.” तिने मागितला, त्यांनी दिला नाही. निघाली. वाटेत कुलपांच्या दुकानात एक जुनं पितळी कुलूप दिसलं आणि पाय थबकले. “चल गं बये, पुरे झालं,” असं मोठ्याने म्हणून तिने स्वतःलाच पुढे ढकललं. चार पंचवीसला ती फाटकाशी हजर होती. हजर म्हणजे हजर!

फाटक बंद. एकही आई नाही, एकही सायकल नाही. चार पस्तीस झाले तरी चिटपाखरू नाही. म्हणजे चुकलंच काहीतरी. आज शुक्रवारच ना? ताई आधीच घेऊन गेली का?   दात काढण्याआधी इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तशी ती अख्खी बधिर उभी होती.

वॉचमन खुर्चीतून म्हणाला, “बाई, आज लवकर?”

“लवकर कसली? साडेचारला सुटतो ना क्लास?”

“पाचला. वर्षभर पाचलाच सुटतोय की.”

ती बाकावर बसली. सहा वाजलेले ते दोन दिवस सोडले तर वर्षभर ती पाच वाजता धापा टाकत यायची आणि लेक ओल्या केसांनी नुकतीच पायऱ्या उतरत असायची. “सॉरी सोन्या, अर्धा तास बसलीस ना?” “चालतं गं आई.” दरवेळी माफ करायची पोर. दरवेळी! रडू यायला हवं होतं. आलं नाही.

पाचला पोरं बाहेर आली. आईला बघून लेक जागीच थांबली, चेहरा पांढराफटक.

“काय झालं? बाबा बरे आहेत ना?”

“बरे आहेत. मी साडेचारला आले.”

लेकीने मान खाली घातली. टॉवेलचं टोक पिळत राहिली.

“कोणी शिकवलं तुला असं?”

“कोणी नाही. बाबा तुला कुणाच्याही लग्नाची वेळ एक तास आधीची सांगतात ना? मी अर्धाच तास सांगते.” मग घाईघाईने, “आता तुला खरी वेळ कळली, तू पाच वाजता निघशील. मग ताईआत्या येणार न्यायला. मला तूच हवी आहेस.”

नाही, मी सुधारेन, असं आईच्या ओठांवर आलं होतं. पण मागची सगळी ‘सुधारेन’ तिला आठवली, आणि हे एक बरं आठवलं.

“साडेचारच सांगत जा,” ती म्हणाली. “आजचं मी विसरून जाईन.”

“नक्की विसरशील?”

“नक्की.”

लेकीने तिचा हात धरला. दोघी घराकडे निघाल्या. आईच्या इतर कुठल्याही शब्दावर तिने विश्वास ठेवला नसता, या एकावर मात्र बिनधास्त ठेवला.