व्हर्डाने कापू न दिलेला ओंडका

होलब्रुक गावाच्या बाहेर, माझ्या टायरच्या दुकानासमोर, ऑर्लिन आणि व्हर्डा प्रुइट या नवरा-बायकोचं दगडांचं दुकान होतं. दगड म्हणजे मुख्यतः लाकूडच. जमिनीत गाडलं जाऊन दगड झालेलं. स्वतःच्या चराऊ रानात सापडेल ते ऑर्लिन आणायचा, करवतीने त्याच्या चकत्या पाडायचा आणि घासून चकचकीत करायचा. गिऱ्हाइकं व्हर्डा बघायची.

साठीनंतर तिची नजर जायला लागली. फिनिक्सच्या डॉक्टरांनी हात टेकले. पुढे काहीच दिसेना, तरी ती रोज दुकानात येऊन बसायचीच. एकदा मी तिथे असताना ऑर्लिनने नवी चकती तिच्या हातात दिली.

"लाल-जांभळी आहे. काय रंग आलेत म्हणून सांगू!"

तिने बोटं फिरवली. "ही बशी आहे, ऑर्लिन."

"बशी?"

"तुझी प्रत्येक चकती मला बशीच लागते. मागे टाकलेला कच्चा माल आण. त्यात गाठी लागतात, किड्यांनी पाडलेली भोकं लागतात. ते झाड वाटतं."

ऑर्लिनचा चेहरा उतरला. उभा जन्म त्याने घासण्यातच घातला होता.

त्या ऑगस्टात त्यांच्या रानातल्या ओढ्याला लोंढा आला, काठ ढासळला आणि एक अख्खा ओंडका उघडा पडला. आपसूक तीन तुकडे झालेला, पण सलग. व्हर्डाने गुडघ्यांवर बसून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला.

"हा कापायचा नाही."

"अगं, हॉटेलवाल्याला टेबलं करून द्यायचा शब्द दिलाय मी!"

"मग शब्द परत घे."

"कच्चा ओंडका कोण विकत घेईल?"

"विकायचा कोण म्हणतंय?"

बरेच दिवस तो धुसफुसत होता. शेवटी माझी क्रेनची गाडी घेऊन आम्ही ते तुकडे दुकानापुढे आणून मांडले. मधला उलटा लागला होता; तिने फांदीचा वण चाचपून तो फिरवायला लावला.

तरी ऑर्लिनला राहवलं नाही. ती जेवायला गेल्यावर त्याने बुंध्याकडची एक पातळ चकती कापलीच. "तिला सांगू नकोस," असं मला बजावलं.

संध्याकाळी व्हर्डा म्हणाली, "आंधळी झालेय रे, बहिरी नाही. करवत ऐकू येते मला. ठेव ती चकती, पण आता पुरे."

गेल्या हिवाळ्यात ऑर्लिन झोपेतच गेला. करवत व्हर्डाने विकून टाकली. आता दुकान ती आणि तिची भाची चालवतात. घासलेला माल संपला, तो पुन्हा भरला नाही. कच्चंच लाकूड हवं असणारी माणसं लांबून लांबून येतात. ओंडका मात्र ती कुणालाच देत नाही.